डाकिणीच्या हातचं दही

मार्च लागला की माझा उजवा तळहात आपोआप पुढे येतो. हसायचं असेल तर हसा. आज सकाळी सिल्वासाच्या बसथांब्यावर परीक्षेची पोरं उभी होती. त्यातल्या एकीच्या वरच्या ओठावर दह्याचा पांढरा ठिपका राहून गेला होता आणि ती डोळे मिटून काहीतरी घोकत होती. माझ्या काखेत पाण्याच्या नळांविषयीच्या पत्रकांचा गठ्ठा होता, तो राखोलीच्या फाट्यावर वाटायचा होता. मी बस सोडली. त्या ठिपक्याकडे बघत राहिले आणि छातीतून असा श्वास सुटला की शेजारच्या बाईने विचारलं, "बेन, तबियत ठीक छे ने?" ठीक आहे म्हटलं. ठीकच आहे. सहा वर्षं झाली त्या गोष्टीला. सुटकेचा श्वास एकदाच सुटून संपत नाही, दर मार्चला थोडा थोडा सुटत राहतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या वर्षीचा मार्च आठवायला गेलं की आधी वास येतो. खडोलीला आमची पत्र्याची चाळ होती. एका अंगाला धागा रंगवण्याच्या कारखान्याचा उग्र, घशाला लागणारा वास. वारा फिरला की दुसऱ्या अंगाने मोहाच्या फुलांचा गोड, किंचित आंबूस वास. हे दोन वास एकमेकांत कधी मिसळले नाहीत. पहाटे फुलं वेचायला निघालेल्या आदिवासी बायका आणि त्याच रस्त्याने पहिल्या पाळीला निघालेली आमची धुळ्या-जळगावकडची माणसंही अशीच एकमेकांत न मिसळता एकमेकांजवळून जात. सावरीची बोंडं फुटायला लागली होती. कापूस उडत यायचा आणि उघड्या पुस्तकावर बसायचा. दुपारी पत्रा तापून टकटक वाजायचा. खाली बसून मी इंग्रजी नाटकांतल्या राजांचे खून पाठ करायची.

हे राजे माझ्या वाट्याला कसे आले तेही सांगते. मी बाहेरून बीए करत होते, इंग्रजी घेऊन. हौस म्हणून नव्हे. कारखान्यातला प्रत्येक कागद इंग्रजीत असायचा आणि आमची माणसं तो न वाचता सही ठोकून मोकळी व्हायची. मला ते कागद वाचायचे होते. पण शेवटच्या वर्षाला पेपर आला तो जुन्या नाटकांचा. महत्त्वाकांक्षा, सूड आणि भुतंखेतं. गादीसाठी गळे कापणारे सरदार, विषाचे पेले, मेल्यावर परत येऊन सूड मागणारे बाप, धुक्यात उभं राहून भविष्य सांगणाऱ्या चेटकिणी. साऱ्या नाटकांत मिळून एकालाही पाळी बदलून मिळत नव्हती, एकाचाही जादा कामाचा प्रश्न नव्हता. मी संतापायची. लोकांनी घाम गाळायचा आणि आम्ही राजवाड्यातल्या भुतांची लक्षणं लिहायची?

वैद्य सर शांतपणे ऐकून घेत. ते रत्नागिरीकडचे, सरकारी शाळेत इंग्रजी शिकवायचे. रविवारी सकाळी त्यांच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात आम्हा बाहेरून बसणाऱ्या चौघांना फुकट शिकवायचे. माझी वही तपासताना चष्मा कपाळावर ढकलून म्हणायचे, "उषा, तू उत्तर लिहीत नाहीस, पत्रक लिहितेस. आधी ही उद्गारचिन्हं खोड."

"पण सर, भूत खोटं आहे हे लिहायला नको?"

"भूत खरं की खोटं, हे परीक्षेत विचारत नाहीत. भूत दिसल्यावर माणूस काय करतो, ते विचारतात."

मला हे पळवाटीसारखं वाटलं. आमचा पाच-सहा जणांचा गट होता. एका शिंप्याच्या दुकानामागे सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. बुवा, अंगारे, ठेकेदार, रेशनचा काळाबाजार, जे दिसेल त्यावर आम्ही पत्रकं काढायचो. मी स्टेन्सिल कापायची. बोटांची शाई जेवतानाही जायची नाही. मी तेवीस वर्षांची होते आणि जगातला प्रत्येक प्रश्न एका कागदात, पाठपोट, मावतो असं मला मनापासून वाटायचं.

अभ्यासाला शांत जागा एकच होती, सुभद्रामावशीच्या मेसचा मागचा ओटा. मावशी आमच्या चाळीच्या टोकाला राहायची. नवरा गेल्यावर तिने खानावळ काढली. तीसेक माणसं जेवायला असायची, सगळी खानदेशातली, एकटी राहणारी. कळण्याची भाकरी, ठेचा, आणि खेरडीहून ताजी वांगी आली की भरीत. दुपारची पंगत उठली की ती दुसऱ्या दिवशीचं दही लावायला बसायची, आणि मी तिला नाटकं सांगायची. सांगितलं की लक्षात राहतं. एकदा त्या मेलेल्या बापाची गोष्ट सांगितली. रोज येऊन पोराला म्हणतो, माझा सूड घे.

मावशी विरजण ढवळायची थांबली. "जेवाले नही मांगस?"

"नाही."

"पानी?"

"नाही मावशी. फक्त सूड."

"मरेल मानूस उना अन् पोऱ्याले निस्तं काम सांगस?" मावशीने भांड्यावर झाकण ठेवलं. "मंग तो भूत नही वं, मुकादम शे."

वैद्य सरांना हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले की आतून त्यांच्या पत्नी बघायला आल्या. पण उत्तरात मात्र त्यांनी ते लिहू दिलं नाही.

चाळीत एक रीत पडून गेली होती. कुणाचीही परीक्षा असो, चौथीची, दहावीची, ड्रायव्हिंगची सुद्धा, निघायच्या आधी मावशीच्या दारावरून जायचं. ती तळहातावर दही घालायची, वर साखरेची चिमूट. घरोघरी दही होतं, तरीही मावशीचंच. तीस माणसांचं दही रोज न चुकता लागतं त्या हाताला यश आहे, असं बायका म्हणायच्या. मी तेव्हा त्यावरही कुरकुरायची, की ही पण अंधश्रद्धाच. पण हात पुढे करायचीच.

आणि मग भिकनचा हात गेला. भिकन मावशीच्या पंगतीतला, आमच्याच तालुक्याकडचा. धाग्याच्या कारखान्यात ठेकेदाराकडे होता. एका संध्याकाळी जेवून उठताना मावशी त्याला म्हणाली, "हात जपजो रे, भिकन." दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीत त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं रोलरमध्ये गेली. दवाखान्यातून त्याला परस्पर गावाकडे धाडलं. भिकन नव्हता, पण मावशीचं ते वाक्य होतं. पंगतीतल्या कुणीतरी ते गेटवर सांगितलं. तिथे ठेकेदाराचा मुकादम उभा होता. तो म्हणाला, "बाई बोलली आणि बोटं गेली? मग ती बाई कोण आहे ते बघा." शब्द त्याने उच्चारला नाही. उच्चारायची गरज नव्हती. आमच्याकडे त्या शब्दाने बायका गावाबाहेर काढल्या गेल्या आहेत, दगडांनी मारल्या गेल्या आहेत. डाकीण. संध्याकाळपर्यंत तो शब्द नळावर पोचला होता.

त्या यंत्राची संरक्षक जाळी दोन महिन्यांपूर्वी काढून ठेवली होती, माल लवकर निघावा म्हणून. हे कारखान्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. जाळी परत बसवायची तर काम थांबतं. डाकीण मात्र चालू पाळीत मिळते. मला आजही ह्या वाक्याचा राग येतो, आणि हे वाक्य मला सुचलं ह्याचा तेव्हा अभिमानही वाटला होता. खोटं कशाला बोलू?

मेसमधली माणसं गळायला लागली. कुणी भांडलं नाही. कुणी म्हणालं गावी जायचंय, कुणी म्हणालं पोट बिघडलंय, कुणी नुसताच आला नाही. तिसाची वीस झाली. माझ्या आईने मावशीकडून भाजीची वाटी घेणं बंद केलं. मी भांडले तर म्हणाली, "माले पटत नही. पन लोकं म्हनतस."

मग मी पत्रक काढलं. एका बैठकीत स्टेन्सिल कापली, एक शब्द खोडला नाही. मथळा होता, 'सुभद्राबाई डाकीण नाहीत!' खाली जाळी, ठेकेदार, मुकादम, सगळ्यांची सालटी काढली होती. मुकादमाला मी लिहिलं होतं, 'भूत शोधायचं असेल तर आरशात बघ!' सगळ्यात खाली माझं नाव, मथळ्याइतक्याच जाड अक्षरात. पाचशे प्रती काढल्या. खडोलीच्या गेटवर पाळी सुटताना वाटल्या, राखोलीला जाऊन पुलाच्या अलीकडे वाटल्या, खेरडीच्या भाजीवाल्यांनाही दिल्या. सायकलवरून परतताना दमणगंगेवरचा वारा तोंडावर येत होता आणि मी गाणं म्हणत होते. राखोलीच्या एका फिटरने पत्रक दोनदा वाचून विचारलं होतं, "बेन, आ सुभद्राबेन क्यां रहे छे?" मी आनंदाने पत्ता सांगितला. मला वाटलं, पाठिंबा द्यायला येणार.

तो पत्ता टाळण्यासाठी विचारत होता.

चार दिवसांत मेसमध्ये सहा माणसं उरली. खेरडीचा वांगीवाला टोपली दारात ठेवून, पैसे ओट्यावर ठेवायला सांगून मागच्या मागे निघायला लागला. मी मावशीकडे गेले तेव्हा ती भाकऱ्यांच्या दुरडीत कागद अंथरत होती. माझंच पत्रक होतं, मथळ्याची बाजू खाली. तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"पोरी, माले कोन काय म्हनस हाई आपली चाळीनी गोष्ट व्हती. आते राखोलीले बी ठाऊक शे."

"मी खोटं काय लिहिलं, मावशी?"

"खोटं नही लिखं. मनं नाव लिखं."

मी पत्रक घेऊन वैद्य सरांकडे गेले. त्यांनी ते नेहमीसारखं चष्मा वर करून वाचलं. मला वाटलं उद्गारचिन्हं मोजतील. ते म्हणाले, "हे तू तिच्यासाठी काढलंस, की मुकादमाला झोडायला?"

"दोन्हीसाठी."

"तिच्याविषयी तीन ओळी आहेत, त्याच्याविषयी अडीच कॉलम." मग बोट खाली नेलं. "आणि हे नाव एवढं मोठं कुणाचं?"

मी घरी येऊन त्या नाटकांच्या वह्या बाजूला फेकल्या. वर्षभर मी त्या सरदारांना हसत होते. एक शब्द कानावर पडतो काय, हे उठून सुटतात काय, ज्याला वाचवायचं त्यालाच मारून बसतात काय. इतकी शिकलेली माणसं इतकी मूर्ख कशी, असं समासात लिहिलं होतं मी. सूड माझ्या मथळ्याखाली होता, महत्त्वाकांक्षा माझ्या सहीत होती, आणि डाकीण मी पाचशे प्रतींत छापली होती. मुकादमाने तर एकदाच सूचक बोलून सोडलं होतं.

परीक्षेची सकाळ आली. पेपर अकराचा, पण केंद्रावर जायला दोन बसगाड्या लागत, म्हणून उजाडताच निघायचं. नळ सुरू होता, हंड्यांची रांग होती. मी केस विंचरून दारात उभी राहिले. मावशी येणार नाही हे मला माहीत होतं. ज्या हाताला आता अपशकुनी म्हणतात तो परीक्षेला निघालेल्या पोरीपुढे ती कसा करेल? आईने घरच्या दह्याची वाटी आणली होती. मी ती घेतली नाही. नळावरून सरळ चाळीच्या टोकाला गेले आणि मावशीच्या दारात हात पुढे केला.

"मावशी, दही."

नळावरच्या बायका वळून बघायला लागल्या. पाणी तेवढं हंड्यात पडत राहिलं. मावशी दारात आली, माझ्या हाताकडे बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "घर जाय, उषा."

"दही दे."

"तू नापास व्हयनी ते?"

"तर अभ्यास कमी पडला म्हणून."

"हाई तू म्हनशी. त्या काय म्हनतीन?" तिने नळाकडे मानही वळवली नाही.

पत्रकासारखंच झालं होतं. पुन्हा एकदा मी तिला न विचारता तिचं सगळं पणाला लावलं होतं, ह्या वेळी माझ्या पेपरवर. आता हात मागे घ्यावा तर सगळ्या बघत होत्या. न घ्यावा तर नापास व्हायची सोय उरली नव्हती. आणि लिहायचंच ठरवलंय तर हेही लिहिते. तिथे उभी असताना एक क्षण मला दह्याची भीती वाटली. मला. अंगाऱ्यांवर पत्रकं काढणाऱ्या मला. नकोच ते, आजच्या दिवस नको, असं आतून कुणीतरी म्हणालं. माझ्या आवाजात.

मागून आई म्हणाली, "उषा, घर चाल."

आणि तिच्याही मागून कुणीतरी म्हणालं, "मावशी, डावा हात चालस का वं? उजवा मशीनले दिना."

भिकन होता. आदल्या संध्याकाळच्या गाडीने गावाहून आलेला, उजव्या हाताला मळकी पट्टी, डाव्या हातात पिशवी. त्याने पिशवी खाली ठेवून डावा तळहात माझ्या हाताशेजारी धरला. "माले आज कारखानाना साहेबले भेटनं शे. बोटंस्ना जाब मांगनं शे. हाई बी परीक्षाच शे ना?"

नळावरची एक म्हातारी न राहवून म्हणाली, "भिकन, तुले त्या रोज मावशीनी काय सांगं व्हतं रे?"

"हात जपजो, सांगं व्हतं."

"तिले कसं कळनं?"

"कसं म्हंजे?" भिकन तिच्याकडे बघतच राहिला. "मशीनले जाळी नही, हाई मीच सांगेल व्हतं तिले, जेवता जेवता. मंग ती काय सांगी? पाय जपजो?"

आधी ती म्हातारी हसली. मग तिच्या मागची. मग हंड्यांची सगळी रांग. भीती कशी निघून जाते हे कुठल्या नाटकात वाचलं नव्हतं मी. तिथे ती तलवारीने जायची, मंत्राने जायची. इथे ती त्या हसण्यात गेली. सगळी नाही, पण दार उघडण्याइतकी. मावशीने आत जाऊन भांडं आणलं. आधी भिकनच्या डाव्या हातावर घातलं, मग माझ्या. वर साखरेची चिमूट टाकली. दही थंड होतं. मी तळहात चाटूनपुसून साफ केला आणि बससाठी धावले.

पेपरात प्रश्न आला, माणसाच्या नाशाला अमानवी शक्ती जबाबदार की त्याची स्वतःची हाव? पाठ केलेलं सगळं उडून गेलं. मी लिहीत सुटले. जाळी लिहिली, मुकादम लिहिला, चेटकिणींना भविष्य कळत नसतं, त्यांना फक्त यंत्र दिसत असतं, असं लिहिलं. नाव मात्र कुणाचंही लिहिलं नाही. उद्गारचिन्हं किती घातली ते आठवत नाही. बाहेर आल्यावर ऊन डोळ्यांत शिरलं आणि मला कळलं की ह्यात नाटकांविषयी जेमतेम पाऊण पान होतं.

मग तीन महिने धाकधूक. मेसमध्ये माणसं परतत होती, दहा, चौदा, अठरा. काहीजण अजूनही पहिला घास शेजाऱ्याला घेऊ द्यायचे. कारखान्यात जाळी बसली, भिकनला पॅकिंगमध्ये घेतलं. सगळं जागेवर येत होतं, आणि एक निकाल यायचा होता. मावशीने त्याविषयी एकदाही विचारलं नाही. मी ओट्यावर गेले की ती दुसरंच काहीतरी बोलायची. मी नापास झाले तर पुन्हा पहिल्यापासून. हे आम्हा दोघींना माहीत होतं.

आषाढात पोस्टमन आला. भर दुपारी, बायका नळावर, चिखलात फळ्या टाकून उभ्या. मी पाकीट फोडलं. नाटकांच्या पेपरात सात गुणांनी नापास. माझी नजर आईकडे नाही गेली, मावशीच्या दाराकडे गेली. ती दारातच होती. माझ्या तोंडावरून तिला कळलं. तिने दाराची चौकट धरली.

"काय व्हयनं वं?" नळावरून विचारणा झाली.

"नापास."

मी मनात एकेक वाक्य तयार करत होते, दह्याच्या बाजूने काय बोलायचं, विज्ञान काय सांगतं. आईने हंडा खाली ठेवला. कमरेवर हात ठेवले. आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अभ्यास नही करा, पत्रकं वाटत फिरनी. मंग दही काय करी?"

"हा ना," दुसरी म्हणाली. "सायकलवर काय, गेटवर काय. पुस्तक कव्हय उघडं हिनं?"

"शाईनी बोटं लई फिरस."

"मास्तर फुकट शिकाडस, तरी."

सगळ्याजणी तुटून पडल्या माझ्यावर. माझं चालणं, माझं बोलणं, माझं लग्नाचं वय, काही सोडलं नाही. माझ्या नापास होण्याला फक्त मी जबाबदार होते, शंभर टक्के मी, आणि त्या अख्ख्या भांडणात मावशीचा हात कुणाला आठवला नाही. मावशीने चौकट सोडली. पदर तोंडाला लावून आत गेली, आणि आतून भांड्यांचा मोठा खडखडाट सुरू झाला.

मी तो कागद हातात धरून तिथेच रडायला लागले. बायकांना वाटलं, दुःखाने. एकीने पाठीवरून हातही फिरवला. पुढच्या वेळी मी त्या पेपरात पास झाले, पुरेशी उद्गारचिन्हं खोडून. पण ते रडणं कसलं होतं हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. प्रत्येक गोष्टीचं पत्रक काढायचं नसतं.